चुलीखालची नदी

साहेब : नकाशा कधी खोटं बोलत नाही, मावशी! सरकारं आली, गेली. पण पाऊणशे वर्षांत या खोऱ्यातली एक रेघ इकडची तिकडे झालेली नाही.

मावशी : असेल बाबा. मग तुमच्या नदीत माझी चूल पेटते कशी?

साहेब : नकाशात तुमच्या घराच्या जागी नदीचं पात्र आहे. पात्रातलं बांधकाम उद्या पाडायचं. नोटीस वाचलीत ना?

मावशी : वाचली. आजेसासऱ्यांचं घर ते. चाळीस वर्षं राहतेय तिथं, पाय भिजले ते फक्त न्हाणीत. आणि ही निळी रेघ बघा. इथं येऊन कचकन तुटली, वीतभर पलीकडे पुन्हा सुरू. मधलं अंतर नदी काय चालत गेली?

साहेब : जुनी शाई, उडते. नकाशा दुरुस्त केलाय तो आमच्या या बाइंडरकाकांनी. असा हात पुन्हा होणे नाही. काय काका?

बाइंडर : साहेब... तो ओला स्पंज द्या जरा.

साहेब : कशाला?

बाइंडर : घडी नीट पडावी म्हणून नकाशाचे आठ तुकडे करून कापडावर डकवले होते. त्या दिवशी माझी अक्कलदाढ ठणकत होती.

मावशी : तुमच्या दाढेचा नि माझ्या घराचा काय संबंध?

बाइंडर : तुकड्यांच्या पाठीवर मी पेन्सिलीनं आकडे घातले होते. सुटला... हा बघा. चार. बसलाय तीनच्या जागी.

साहेब : आणि तीन?

बाइंडर : चारच्या जागी. वीस वर्षं झाली. माझ्याच हातून.

साहेब : अरे देवा! (पंखा सुरू करत) थांबा जरा. घाम फुटला मला.

मावशी : पंखा कसला लावताय? काका, करा अदलाबदल! हळू... अजून जरा... लागली! रेघेला रेघ लागली! उंचीच्या तपकिरी रेघासुद्धा! आणि टेकाडावरचं हे काळं टिंब?

बाइंडर : घर. तुमचं. शेजारी विहीर. नदी खाली, दोन शेतं सोडून.

साहेब : (कागद ओढून लिहीत) नोटीस रद्द! सहीशिक्क्यानिशी! म्हटलं नव्हतं, नकाशा कधी खोटं बोलत नाही?

मावशी : नाही बोलत. त्याची दाढ दुखत नाही ना! काका, तोंड का पाडलंत? आपली चूक कबूल करून नदी हटवणारा माणूस मी जन्मात पहिल्यांदा बघतेय.

बाइंडर : हटवली खरी, पण अजून खळ लावायचीय. तुकडे सुटेच आहेत.

मावशी : साहेब, तेवढा पंखा बंद करा. नदी परत माझ्या घराकडे निघालीय.