बाकाखालची पिशवी

दाताच्या दवाखान्यात वायरमन सुजलेला गाल धरून नंबरची वाट बघत होता. समोरच्या बाकावर एक आजोबा आणि त्यांची शाळकरी नात हुज्जत घालत होते.

“सहलीच्या कागदावर मी सही करणार नाही. रेल्वे स्टेशनवर काय काय होतं, रोज बघतो मी.”

“मालिकेत बघता, आजोबा!”

“मालिका झाली म्हणून काय झालं? अतिरेकी कुठेही बॉम्ब ठेवतात.”

“बरं, किती भाग झाले?”

“एकोणीस. एकही चुकवला नाही.”

“त्यात बॉम्ब किती फुटले?”

“एकही नाही. ती प्रयोगशाळेतली चष्मेवाली आहे ना, चिमूटभर मातीवरून माग काढते.”

“पण तिला आधी कळतं कसं?”

“कोणीतरी फोन करतं. परवा झाडूवालीनं केला. त्याआधी कंडक्टरनं.”

“म्हणजे दर वेळी कुणाचं तरी लक्ष असतंच ना?”

“तू वकीलच हो... अरे, त्या बाकाखालची पिशवी कुणाची? वायरी लोंबताहेत!”

सगळा दवाखाना पाय वर घेऊन बसला.

“माझी, काका,” वायरमन गाल सांभाळत म्हणाला. “वायरमन आहे मी. पक्कड आणि जेवणाचा डबा आहे आत.”

“मग मांडीवर घेऊन बसा की! जीव गेला असता माझा.”

“चुकलं, काका.”

आजोबांनी घाम पुसला आणि नातीपुढे हात केला.

“आण तो कागद. आणि स्टेशनवर असं काही दिसलं, तर असंच मोठ्यांदा विचारायचं. लाजायचं नाही.”