वसंत दारात का थांबला

सन्माननीय अध्यक्ष, विश्वस्त मंडळाचे सचिव हितेंद्रराव, व्यासपीठावरील मान्यवर, पहिल्या रांगेत बसलेल्या कौसल्यावहिनी आणि माझ्या काळाचौकीकरांनो,

या सभागृहातला लाइटचा बोर्ड मी बांधला. पडद्याच्या कप्प्या मी बसवल्या. वाळूच्या बादल्यांचे आकडे मी वाकवले, आणि डाव्या दाराचा तो आडवा दांडा, कमरेने ढकलला की दार उघडणारा, तोही माझाच. शाळा नववीपर्यंत, बाकी सगळं उघडून, बिघडवून शिकलो. आज निरोपाची शाल घातलीत, आभारी आहे. पण ती आमच्या डोअरकीपरच्या, वसंतच्या खांद्यावर शोभली असती. त्याला जाऊन महिना होत आला, आणि चाळीचाळीत बोललं जातंय की आग लागल्यावर तो मोबाईल आणायला परत आत गेला होता.

म्हणून थोडं सांगतो, अध्यक्षांनी घड्याळ बघितलं तरी.

त्या दिवशी रंगमंचावर सत्यनारायण, मग मंडळाचं मालवणी नाटक. पूजा म्हणून सगळ्यांनी चपला मुख्य दारातच काढलेल्या. भुताच्या प्रवेशात बाहेरून आणलेल्या एका फोकसने वरची झालर पेटली. धूर दिसला तशा टाळ्या पडल्या. "वन्स मोअर!" मी मेन स्विच पाडला, इमर्जन्सी दिवे लागले. सुभद्राताई भुताच्याच वेषात पुढे आल्या. "ह्यां नाटकातलां नाय हां! मागच्यांनी आधी उठा. धावलात तर मानगुटीर बसतलंय!" लोक हसत, रांगेने उठले.

मी डाव्या दाराचा दांडा ढकलला. दार हललं नाही. फुकटे शिरतात म्हणून बाहेरून साखळी घातलेली!

सगळे मुख्य दाराकडे वळले आणि तिथे थांबले. कशासाठी? चपला शोधायला. मागे आग, आणि माणसं वाकून जोड जुळवतायत. वसंत उंबऱ्यात उभा राहून दोन्ही हातांनी चपला रस्त्यावर फेकत होता.

"अरे वसंता, नवीन आहे रे ती!"

"काका, जीव जुना झालाय का? निघा!"

शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत तो तिथून हलला नाही. धूर छातीत गेला; हॉस्पिटलपर्यंत पोचलाच नाही. आणि मोबाईल? त्याच्या शर्टाच्या खिशात होता. मीच काढून त्याच्या बायकोच्या, कौसल्यावहिनींच्या हातात दिला. वहिनी, तुम्हाला ठाऊक आहे. आता सगळ्यांना ठाऊक असू द्या.

मंडळाच्या पोरांचे, चहा करणाऱ्या बायकांचे आभार. समारंभाला न शोभणारं बोललो असेन, तर पोटात घाला.

एक राहिलं. हितेंद्रराव, परवा तुम्ही स्वतः माझ्या घरी आलात. डावं दार उघडं होतं आणि वसंत मोबाईलसाठी परत गेला, एवढंच मी आगीच्या चौकशीत सांगायचं होतं. मी नाही म्हटलं. तुम्ही देत होतात सात लाख.