जवळजवळ थांबलेली बस

कुमुदबाईंच्या या शोकसभेला जमलेल्या त्यांच्या सगळ्या माणसांनो,

मला नीट बोलता येईल का, माहीत नाही. मी दुःखाने नव्हे, रागाने बोलतेय. सांभाळून घ्या.

मी याच शाळेची विद्यार्थिनी. कुमुदबाईंनी आम्हाला भौतिकशास्त्र शिकवलं. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी, आणि ती बाईंमुळे.

आधीचे वक्ते म्हणाले, काळाने घाला घातला. बाईंची वेळ भरली होती. नाही हो. बाई समोरच्या स्टॉपवर बसमधून उतरताना पडल्या आणि गेल्या. ही बस इथे थांबत नाही. नुसती हळू होते. पुरुष धावत उड्या मारतात, आणि शेवटचा पुरुष उतरला की कंडक्टर घंटी मारतो. लुगडं सावरणाऱ्या बाईने कसं उतरायचं? पडला कधी हा प्रश्न आपल्याला?

बाईंना पडला होता. त्या रोज कंडक्टरला सांगायच्या, बस थांबव. तो म्हणायचा, "मॅडम, रोज काहून खोळंबा करून राहिल्या? थोडं धावाले शिका ना." आणि अख्खी बस हसायची.

मघाशी मागच्या रांगेत कुणी तरी कुजबुजलं. मी ऐकलंय. "गती शिकवणाऱ्या बाईले चालू बसमधून उतरता नाही आलं का गा?"

भाऊ, तुम्ही जिथे बसला असाल तिथून ऐका. बाकं वाहायची हातगाडी आहे ना शाळेत? बाईंनी मला तिच्यावर बसवलं होतं. दोघींनी गाडी मागून ढकलली आणि दोघींनी पुढून एकदम अडवली. मी पुढच्या दोघींच्या अंगावर. सगळा वर्ग हसला. बाई म्हणाल्या, "हसता काय? गाडी थांबली. हिला कुणी सांगितलं थांबायला?"

त्याला जडत्व म्हणतात, भाऊ. पाय रस्त्यावर टेकला की पाय थांबतो. वरचं अंग बसच्याच वेगाने पुढे जात राहतं. बाईंना हे कळत नव्हतं? तुमच्या-आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. म्हणून तर त्या बस थांबवायला सांगत होत्या. नियम माहीत असला म्हणून तो माणसाला सोडत नाही.

आता कंडक्टरने जबाब दिलाय. काय म्हणाला? बस जवळजवळ थांबली होती. आणि आपण माना डोलावल्या. जवळजवळ!

पेपरात आम्ही कधी लिहायचो, वस्तू जवळजवळ स्थिर आहे. बाई लाल रेघ ओढायच्या. "ती जागा बदलते की नाही, एवढंच सांग. तुझं ते जवळजवळ घरी ठेवून ये." बाई, तुम्ही गेलात आणि लोकांनी तो शब्द परत आणला.

त्यांनी शिकवलेलं आणखी एक सांगते. सकाळी घरून निघालेला माणूस संध्याकाळी घरी परतला, तर चाललेलं अंतर कितीही असो, त्याचं विस्थापन शून्य. आम्ही विचारायचो, म्हणजे दिवसभर फिरणं फुकटच का, बाई? त्या म्हणायच्या, "फुकट कसं गं? हे शून्य रोज मिळालं पाहिजे माणसाला." बाईंना ते मिळालं नाही. त्यांच्या आई इथे बसल्या आहेत. त्यांना विचारा शून्याची किंमत.

आता इथे दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं ठरलंय. मी उभी राहणार नाही. माफ करा. या हॉलमध्ये आपण स्थिर राहून काय उपयोग? जिने स्थिर व्हायला हवं होतं, ती बाहेर धावतेय.

चला माझ्यासोबत स्टॉपवर. सगळे चला. भाऊ, तुम्हीपण. पुढची बस येईल, तेव्हा तिच्यासमोर उभे राहू. शिव्या नकोत, दगड नकोत. तिची चाकं पूर्ण थांबू द्या. आतल्या प्रत्येक बाईला दोन्ही पाय जमिनीवर ठेवून उतरू द्या.

बाईंसाठीचं मौन तिथून सुरू होईल. त्याआधी नाही.