जिवंतपणीचा रंग

— तर त्या दिवशी मी भांडी घासत होतो. तुम्ही आत्ता पाना घेऊन उभे आहात ना, बरोबर तिथेच. ठेवा हो तो पाना खाली, पाणी कुठे पळून जातंय? — म्हणजे जातंय, ते खरंच, खालच्या बाईंच्या छतात जातंय, म्हणून तर तुम्हाला बोलावलं. पण चहा होईपर्यंत बसा. साखर चालते ना? हां. तर भांडी घासत होतो आणि फोनवर मेल आल्याचा तो टिंग आवाज झाला. हात पुसले, वाचलं. लांबच्या एका संग्रहालयातल्या बाईंचं उत्तर होतं, आमच्या या विषयातल्या सगळ्यात जाणकार बाई. लिहिलं होतं, तुमचं म्हणणं बरोबर आहे, ही जात आजवर कोणी नोंदवलेली नाही. बस, दोन ओळी. आणि मी काय केलं? आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडलो, "अगं, ऐकलंस का!" — आणि ती जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. बायको हो, माझी. मग काय, तवा राहिला होता, तो घासून टाकला.

जात कसली म्हणजे — सांगतो ना. स्प्रिंगटेल म्हणतात त्यांना. किडा म्हणा, म्हणजे तसा कीटकही नाही, कीटकांचा लांबचा चुलतभाऊ. तुम्ही तर कितीदा पाहिले असतील! ओला पाइप उचलला की खालून तिळाहून बारीक काहीतरी टुणकन उडतं की नाही? तेच. पोटाखाली शेपटी दुमडून ठेवलेली असते, सोडली की उडी. पण आमचा हा उडत नाही. याला शेपटीच नाही. गुबगुबीत, पाठभर बारीक उंचवटे, आणि चालतो कसा, तर जेवण अंगावर आलेल्या माणसासारखा. हे बायकोचं वाक्य बरं का, माझं नाही. माझी वाक्यं तशी नसतात. माझं वाक्य म्हणजे, "डोक्यावरचे मधले दोन उंचवटे एकमेकांना जोडलेले." हसू नका, सगळी मजा त्यातच आहे. याच्या सगळ्यात जवळच्या जातीत ते दोन उंचवटे वेगवेगळे असतात, मध्ये एक फट. याच्यात फट नाही. शिवाय त्या जातीच्या नखीला आतून एक दात असतो, याची नखी साफ गुळगुळीत. एवढ्यावर जात वेगळी ठरते. हो, एवढ्यावरच! सख्खे भाऊ नसतात का, लांबून एकासारखे एक, आणि जवळ गेलं की एकाच्या हनुवटीला खळी?

सापडला कुठे, ते विचारा. मी आयुष्यभर डोंगर पालथे घातले, गुहांमधून गुडघ्यांवर रांगलो, पिशव्या भरभरून पालापाचोळा घरी आणला — ती म्हणायची, लोक फिरायला जाऊन फोटो आणतात, आमच्याकडे कचरा येतो — आणि नवी जात निघाली कुठे, तर आमच्याच बाथरूमच्या मागे. ती छोटी बाल्कनी दिसतेय ना, तिथल्या भिंतीवर. तुमचाच तो गळका सांधा. त्याच्याखाली शेवाळ धरलंय, तळहाताएवढं. ती तिथे कपडे वाळत घालायची, तिला दिसले. मी आत, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून. तिनं हाक मारली, "अहो, लवकर या, हे तुमचे नेहमीचे नाहीत. रंग बघा काय आहे!" मी म्हटलं, "असतील कुठलेतरी. अल्कोहोलच्या बाटलीत टाक आणि ठेव टेबलावर." तिनं कुंचल्यानं एकेक उचलून टाकले. सवय होती तिला, माझ्यापेक्षा हात हलका.

आता तुम्ही म्हणाल, मग अडलं कुठे. चहा घ्या. — अडलं इथे, की अल्कोहोलमध्ये हा रंग राहत नाही. निळे-काळे असतात ते टिकतात थोडेफार, पण हा जो काही होता तो रात्रीत धुऊन गेला. मी चार दिवसांनी बाटली उघडली तर सगळे पांढरे. साबुदाण्याचे कण जसे. त्यानंतर आम्ही त्यांना आणखी एका द्रावणात ठेवतो, म्हणजे आरपार दिसावेत, केस न् केस मोजता यावा. माझ्याकडे त्यांचा केस न् केस आहे. चित्रं आहेत. मापं आहेत. लेख सगळा तयार आहे. एकच ओळ रिकामी — "जिवंतपणीचा रंग". त्या बाईंनी दोनदा विचारलंय. आणि तो रंग ज्या एका माणसानं पाहिला…

बोलली होती ती, रात्री जेवताना. म्हणाली, "तुमच्या ताईचा तो स्कार्फ होता ना, अगदी तस्सा." मी हूं म्हटलं. कुठला स्कार्फ, विचारलं नाही. वाटलं, विचारू कधीतरी, कुठे जातेय ही. मग दवाखानेच सुरू झाले. मेल आल्यावर मी ताईला फोन केला. ताई म्हणते, "स्कार्फ? मी उभ्या जन्मात स्कार्फ बांधला नाही, मला घुसमटतं." मग म्हणाली, "बघ, तुझ्या बायकोनं मला नीट कधी पाहिलंच नाही." नणंद-भावजयीचं ते, तुम्हाला ठाऊक असेल.

नाव? हो, सगळे तेच विचारतात. तिचं देता येतं, पद्धत आहे तशी. पण तिला विचारलं असतं तर म्हणाली असती, आयुष्यभर या घरात कोंबलंत ते पुरे नाही झालं, आता किड्यात कोंबताय? — देईन. ते देईन.

कसला रंग असेल असं तुम्हाला वाटतं? नाही, सहज विचारलं. त्यांच्यात नारिंगी असतात, तांबडे असतात, गुलाबी असतात. पुस्तकात बघून "तांबूस" लिहिलं तर कोणी येणार नाही तपासायला. पण तसं लिहीत नाहीत.

काय म्हणालात, अजून आहेत का तिथे? — हो. आहेत ना. असतील. शेवाळ हिरवं आहे म्हणजे असणारच, पाणी चालू आहे तोवर. म्हणजे… हो, उठून बाल्कनीत गेलं आणि भिंग धरलं की झालं, बरोबर बोललात. चार पावलं. मी जातो तसा. सकाळी जातो, संध्याकाळी जातो. दारात उभा राहतो. भिंग खिशात असतं. तुमच्याआधी एक प्लंबर येऊन गेला, त्याला मी सांगितलं की नमुने घ्यायचेत, थांबा आठवडाभर. खालच्या बाईंनाही तेच सांगितलं. बिचाऱ्यांनी बाळाचा पाळणा दुसऱ्या खोलीत नेला. परवा तिथेही थेंब पडायला लागले, तेव्हा वर आल्या. बाळ कडेवर. म्हणाल्या, "काका, झाले का हो तुमचे नमुने?" मी म्हटलं, होतच आले.

काय आहे — आत्ता तो रंग तिनं पाहिलेला आहे. फक्त तिनं. मी वाकून बघितलं की तो मी पाहिलेला होणार. मी लिहिणार, नारिंगी, कडेला फिकट, वगैरे. बरोबरच असेल ते. पण मग तिला विचारण्यासारखं काही उरणार नाही. रोज विचारतो हो मी. मोठ्यानं नाही. भांडी घासताना.

पाइप बदलल्यावर ते किती दिवस तग धरतील, ते मी तुम्हाला नेमकं सांगू शकतो, तेवढं शिकलोय. फार नाही.

नको, डबी नको. तुम्ही खरवडून द्याल, कळतंय मला, पण नको. कपही राहू द्या तिथेच, मी घासतो. उचला पाना. मुख्य कॉक त्या दाराच्या मागे आहे, थोडा घट्ट आहे, जोर लावावा लागेल. आणि बाल्कनीचं दार पुढे ढकला, मला इथून दिसायला नको. करा बंद.

मी अजून तो रंग पाहिलेला नाही.