तांदूळ वाढलेत

मंडळी, ऐका. बाळोजी, मृदंग जरा मांडीवर विसावू द्या. मला आधी एक प्रश्न विचारायचाय. उत्तर मनातल्या मनात द्या. आणि पुरुष मंडळींनो, बायको त्या बाजूला बसली असली तरी तिचे कान इकडेच आहेत, तेव्हा फारच मनात द्या.

'घरात काही नाही' — हे वाक्य तुमच्या तोंडून शेवटचं कधी निघालं? आणि ते निघालं त्या घडीला घरात खरंच काही नव्हतं का? की जे हवं होतं ते नव्हतं, आणि जे होतं ते दिसत नव्हतं?

बघा, एकदम शांतता! काही जणांना काल संध्याकाळ आठवली असेल. असू द्या, मी कुणाचं नाव घेत नाही.

आता एक शब्द घ्या. वाढणं. पोर वाढतं, पीक वाढतं. पानात भाजी वाढतात. बरोबर? पण आपल्या बायका अजून एका ठिकाणी हा शब्द वापरतात. बांगडी फुटली म्हणत नाहीत — बांगडी वाढली. दुकान बंद केलं म्हणत नाहीत — दुकान वाढवलं. आणि डब्यातले तांदूळ संपले तर? माझी आई काय म्हणायची? तांदूळ वाढलेत! भरल्या घरात 'संपलं' हा शब्द काढायचा नाही. केवढी माया आहे त्या बोलण्यात! पण ज्याला ती रीत ठाऊक नाही त्याची काय गत होते, ते ऐका.

घाटाच्या पायथ्याला एक गाव. नाव सांगत नाही, कारण त्या गावचे दोघं-तिघं समोर बसलेत, आणि आत्ताच एकमेकांना कोपरानं ढोसतायत. त्या गावात हौसाबाई नावाची एक बाई. एकुलता एक मुलगा, एस.टी.त कंडक्टर. मुलाचं नाव संपत. आता काय म्हणावं! घरात 'संपलं' म्हणायला बंदी आणि पोराचं नाव ठेवलंय संपत! दिवसभर हाका मारतेय.

या संपतचं लग्न झालं. मुलगी कोण? वसुधा. शहरातल्या एका अनाथाश्रमात वाढलेली. आई-बाप आठवत नाहीत. शिकली, शिवणकाम शिकली, स्वभावानं गरीब. पण मंडळी, तिनं स्वयंपाकघर कधी पाहिलंच नव्हतं. तिथं एक खिडकी असायची. मुलींनी ताट घेऊन रांगेत उभं राहायचं, खिडकीतून हात यायचा, ताटात पडेल ते घेऊन सरकायचं. आत चूल कशी पेटते, डबे कुठं असतात, बायका चुलीपाशी काय बोलतात, तिला काय माहीत?

लग्नाला महिना झाला. सासू वाईट नव्हती हो. पण बोलायला कमी, आणि महिनाभर चूल आणि डबे तिनं आपल्याच हातात ठेवलेले. आणि सुनेच्या मनात एकच धास्ती — हे घर आपलं होईल ना? आपण इथं पाहुण्यासारख्याच राहणार नाही ना? तुम्ही हसाल, पण ज्याला घर आयतं मिळालं त्याला ही धास्ती कळायची नाही.

एके बुधवारी सकाळी हौसाबाई बहिणीच्या गावाला निघाल्या. बहिणीच्या सुनेचं डोहाळजेवण होतं. संपत ड्यूटीवर, उद्या येणार. दारात चप्पल घालता घालता हौसाबाई म्हणाल्या, "सूनबाई, तांदूळ वाढलेत. तुरीची डाळ बी वाढली. ध्यानात ठेव." आणि गेल्या. मनात काय होतं? उद्या गुरुवारचा बाजार, तेव्हा आठवण कर. सुनेनं काय ऐकलं? तांदूळ भरपूर झालेत, डाळही भरपूर. वा! सासूनं पहिल्यांदा घरातलं काही विश्वासानं सांगितलं, म्हणून बाई हरखून गेली.

हंडा घेऊन पाण्याला निघाली. त्या दिवसांत गावच्या जुन्या विहिरीचा गाळ काढणं चाललं होतं. दहा माणसं कमरेएवढ्या चिखलात उतरलेली. रोज एका घरानं त्यांना दुपारचं जेवण द्यायचं, असं ठरलेलं. त्या दिवशी ज्यांची पाळी त्यांच्या घरी म्हातारी आजारी पडली. काठावर बायका उभ्या — आज कोण करील? एकीच्या घरी पाहुणे, दुसरीचं पोर तापानं फणफणलेलं. आणि आमची वसुधा पुढं होऊन मोठ्यानं म्हणते, "आमच्याकडे या ना सगळे जेवायला. आमच्याकडे तांदूळ वाढलेत. डाळसुद्धा वाढलीय!"

मंडळी, विचार करा. त्या बायकांनी काय ऐकलं? घरात तांदूळ नाहीत, डाळ नाही, तेव्हा दहा जण जेवायला या!

एकीनं पदर तोंडात कोंबला. दुसरीला वाटलं शहरातली पोरगी थट्टा करतेय. पण विहिरीतल्या माणसांना काय, जेवणाचं नाव ऐकलं, बाकी कुणी ऐकलं? खालून आवाज आला, "ठरलं! दीडला येतो." एकटी तानूबाई हसली नाही. तानूबाई म्हणजे हौसाबाईंची शेजारीण, सत्तरीची. डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, एका डोळ्यावर हिरवी पट्टी, झाडाखाली बसलेली. तिनं नुसती मान वळवून पोरीकडं पाहिलं.

वसुधा घरी आली, पदर खोचला, तांदळाचा डबा उघडला. आत काय? तळाशी पाच-सहा दाणे. आपल्यात डबा अगदी रिकामा करत नाहीत, चार दाणे ठेवतात. पण तिला कुठलं माहीत? तिला वाटलं, उंदरांनी खाल्ले! डाळीचा डबा उघडला — तीच गत. दहा माणसं. सगळ्या गावासमोर दिलेला शब्द. आणि सासू घरात नाही.

तोवर दारात काठी वाजली. तानूबाई. उंबऱ्यावर बसली. म्हणाली, "धुरापाशी यायचं न्हाई म्हणून डाक्टरनं सांगितलंय. मी हितनंच बोलते. पोरी, सासू काय म्हणाली व्हती तुला?"

"तांदूळ वाढलेत म्हणाल्या. पण काकी, डब्यात तर —"

"अगं, वाढलेत म्हंजे संपलेत."

पोरीनं डब्याचं झाकण लावलं. रडली नाही. रडायची सवय त्या आश्रमातच मोडली होती. म्हणाली, "मग आता?"

"माझ्या घरनं दोन शेर तांदूळ घेऊन ये. बाजार झाल्यावर परत दे. आपल्यात चालतंय."

साधी गोष्ट होती. शेजारधर्म आहे. पण वसुधा म्हणाली, "नको काकी. मी अठरा वर्षं हातात ताट घेऊन उभी राहिलेय. पहिल्यांदा घरात चूल मिळाली. आज पुन्हा भांडं घेऊन कुणाच्या दारात उभं राहायचं नाही मला."

चूक म्हणा, हट्ट म्हणा. मी तानूबाईच्या जागी असतो तर चार शब्द सुनावले असते. तानूबाईनं मात्र काठी बाजूला ठेवली. मग तिनं जे विचारलं ना, त्यासाठी मी हे आख्यान लावलंय. ती म्हणाली, "बरं. घरात काय न्हाई ते कळलं. आता काय हाय ते सांग."

"काही नाही, काकी."

"न बघता बोलू नगंस. एकेक डबा उघड आणि मला सांग."

झालं सुरू. पोरगी आत डबे उघडतेय, म्हातारी उंबऱ्यावरून विचारतेय.

"पितळी डब्यात करड्या रंगाचं पीठ आहे."

"वास घे. उग्र हाय? हुलग्याचं. किती हाय?"

"अर्ध्याच्या वर."

"आनि?"

"ज्वारीचं पीठ आहे, पाच-सहा भाकरीपुरतं. लसूण आहे. मिरच्या आहेत. मूठभर शेंगदाणे. मटकी, चवळी, वाल — सगळं मूठ-मूठभर, वेगवेगळ्या पुड्यांत."

"आनि?"

"कालच्या पाच भाकरी. ताक आहे, पण आंबट झालंय. अर्धा भोपळा, परवा चिरलेला."

"मागच्या दारी शेवगा हाय न्हवं? पाला हाय का त्याला?"

"पाल्याचीही भाजी होते?"

मंडळी, हसू नका. तुमच्या आमच्या घरच्या किती पोरींना आज शेवग्याचा पाला ठाऊक आहे? पोरांचं तर सोडाच.

मग तानूबाईनं तिला हिशोब शिकवला. पैशाचा नव्हे हो. म्हणाली, "आधी बघ, आज केलं न्हाई तर उद्या काय वाया जाईल. ताक, भाकरी, भोपळा. ती आधी काढ. ज्याला दम हाय त्याला मागं ठेव. आनि एकट्यानं पुरत न्हाई त्याला जोडीदार बघ."

भाकरी कुस्करल्या, ताकात भिजवल्या, वरून लसणाची फोडणी. भोपळा सालीसकट चिरला, त्यात शेवग्याचा पाला घातला, दोन्ही मिळून पातेलंभर झालं. बिया धुऊन उन्हात टाकल्या. शेंगदाण्याची चटणी, जिभेला लागेल एवढीच. मटकी-चवळी-वाल एकत्र करून भिजत घातले. पोरगी म्हणते, "हे आता शिजणार नाही ना?" म्हातारी म्हणते, "ते आजचं न्हाईच. उद्या सकाळी तुमाला काय खायाला नगं?"

आणि हुलग्याच्या पिठात ज्वारीचं पीठ मिसळून शेंगोळ्या! पीठ घट्ट मळायचं, बोटानं वळ्या करायच्या, लसूण-मिरचीच्या उकळत्या पाण्यात सोडायच्या. पहिल्या वीस शेंगोळ्या वाकड्यातिकड्या. पन्नासावीला हात बसला.

दीड वाजला. दहा माणसं आली, हातपाय धुऊन अंगणात बसली. पंगत बसली, वाढणं सुरू झालं. माणसं खाली माना घालून जेवतायत, शेंगोळ्यांचा रस्सा भुरकतायत. तेवढ्यात पंगतीतला एक शहाणा मान वर करून म्हणाला, "वहिनी, भात येऊ द्या की आता!"

वसुधाच्या हातातला डाव तिथंच थांबला. कान लाल झाले तिचे. उंबऱ्यावरून तानूबाई कडाडली, "भात वाढलाय रे बाबा. तू शेंगोळ्या खा!"

पंगतीत सगळी गावातली माणसं. त्यांना वाढलं म्हणजे काय ते कळतं. घरात तांदळाचा दाणा नसताना या पोरीनं आपल्याला बसवलंय, हे दहाच्या दहा जणांना त्या क्षणी कळलं. ज्याला त्याला आपलं पान पुसून खावंसं वाटलं, एवढंच.

आणि नेमक्या त्याच वेळी फाटकात कोण उभं? हौसाबाई! कार्यक्रम सकाळीच उरकला, मिळाली ती गाडी पकडून आल्या. बघतात तर अंगणात पंगत. त्यांना तर ठाऊक, डबे रिकामे आहेत. सुनेला आत घेतलं.

"अगं, तांदूळ वाढलेत म्हणून सांगून गेल्ते न्हवं?"

"हो आई. म्हणून तर बोलावलं."

हौसाबाईंना मग उमगलं. कपाळाला हात लावला. "अगं बाई, संपलं म्हणू नये म्हणून वाढलं म्हणतात. तुला कुणी सांगितलं न्हाई?"

वसुधा म्हणाली, "नाही आई. आमच्याकडे संपलं की संपलं म्हणायचे. आणि खिडकी बंद करायचे."

मंडळी, या वाक्याशी मी दरवेळी थांबतो.

हौसाबाईंनी सुनेच्या डोक्यावर हात ठेवला, पदर खोचला आणि म्हणाल्या, "चल, तिकडच्या वळीला तू वाढ, हिकडं मी वाढते." दोघींनी मिळून पंगत उठवली. मग दोघीच पातेल्यापाशी बसल्या. तळाला उरलेलं खरवडून निम्मं-निम्मं घेतलं. शेवटचा घास खाल्ल्यावर वसुधानं पातेल्यात वाकून पाहिलं आणि हळूच म्हणाली, "आई, शेंगोळ्या वाढल्या."

हौसाबाई हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसायला लागल्या. तो शब्द पोरीच्या तोंडात बरोबर बसला होता, आणि पोरगी त्या घरात.

आता तुम्ही विचाराल, महाराज, एवढी बारीकसारीक हकीकत तुम्हाला कशी ठाऊक? सांगतो. पंगतीत भात मागणारा तो शहाणा आठवतोय का? तो मी, तेव्हा गाळ काढणाऱ्या दहांतला एक. पुढ्यात शेंगोळ्या, भाजी, काला, चटणी, आणि मला दिसलं काय? नसलेला भात! बाकीचं सगळं नंतर तानूबाईनं माझे कान उपटता उपटता सांगितलं. तेव्हापासून पानात येईल ते खातो, आणि कुठल्याही घरात काय नाही ते विचारत नाही.

पण मी सुधारलो म्हणजे तुम्ही सुटलात असं नाही. आज सप्ताहाचा पाचवा दिवस. काल रात्रीचा प्रसाद झाल्यावर मी मंडपामागं हात धुवायला गेलो होतो. तिथं काय पाहिलं ते सांगू? भाताचा ढीग. कुत्र्यांनीही तोंड फिरवलेलं. आणि आज सकाळी कोठीवाले म्हणत होते, तांदूळ पुरायचे नाहीत, अजून दोन पोती मागवा. का मागवा? आधी कोठीत जा. एकेक पोतं उघडून बघा. कालची भाजी कुठं आहे, भिजवलेली डाळ कुठं आहे ते बघा. काय नाही ते मला सांगू नका. काय आहे ते सांगा.

परवा काला आहे. काला म्हणजे काय हो? कान्होबाच्या सवंगड्यांनी सोडलेल्या शिदोऱ्या. कुणाची भाकरी, कुणाचं दही, कुणाचं लोणचं, ज्याच्या घरी जे होतं ते. कुणी बाजारातून आणलं होतं का? तेव्हा परवा या मंडपात बाजारातलं काही आणायचं नाही. घरी जायचं, डबे उघडायचे, जे सापडेल ते आणायचं. अन् एका पातेल्यात कालवायचं. पान पुसून खायचं.

आणि खाऊन पातेलं रिकामं झालं, तर काय म्हणायचं?

ऐकू नाही आलं. बायकांचा आवाज आला, पुरुषांचा नाही आला. पुन्हा एकदा — काय म्हणायचं?

हां! आता कसं. बाळोजी, धरा ताल.