जावयाचा पाय, माझं बोट

आमचं गाव दापोलीच्या खाली, अगदी समुद्राला लागून, आम्ही जातीचे सुतार, वडील होड्यांची कामं करायचे, आणि मी लहानपणापासून त्यांच्या हाताखाली. पण काम उरकलं की आम्ही सगळी पोरं पुळणीवर, ओहोटीला वाळू कशी घट्ट होते ना, तिथं अनवाणी बॉल खेळायचो, आणि माझा पाय म्हणजे काय सांगू तुम्हाला, मी मारलेला बॉल माडाच्या शेंड्यावरून जायचा, हे मी नाही सांगत, गावात अजून कोणालाही विचारा. म्हणजे आता कोणी सांगणार नाही. आता विचारलंत तर सांगतील, बॉल मारावा तर शिरीष सुताराच्या जावयानं. शिरीष सुतार म्हणजे माझे वडील. जावई म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, सुमनचा नवरा. आणि मी कोण, तर मी बॉल धरणारा.

कुवेतला मी आलो ते आखातातली लढाई संपल्यावर. तेव्हा सगळीकडे मोडतोड, सुताराला मरण नव्हतं. एका अमेरिकन कंपनीच्या कॅम्पात मेंटेनन्सला लागलो, दारं, खिडक्या, कपाटं, जे मोडेल ते मी. राहायला अबू हलीफाला, एका खोलीत आम्ही कोकणातलेच सगळे, कुकर एक, आणि डाळ कोणी लावायची यावरून रोज भांडण. मंग सुमनचं लग्न झालं, मुलगा वायरमन, गावाकडे काम नाही, आईनं सांगितलंन, बघ रे बाबा तुझ्याकडे काही जमतंय का. मी सुपरवायझरच्या मागे लागलो, व्हिसा काढलान त्यानं, भावोजींना घेऊन आलो. विमानतळावर मीच गेलो आणायला. अकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना, तो लागेपर्यंत ऑफिसात मीच नाचलो, माझ्या शेजारची खाट मीच दिली, पंख्याखालची. हे लिहा तुम्ही. पंख्याखालची.

वयानं ते माझ्याहून लहान, पण जावई तो जावई, मी त्यांना भावोजीच म्हणायचो, आणि अहो-जाहो. खोलीतली पोरं हसायची. हसू देत. लग्नात ज्यांचे पाय आम्ही धुतले त्यांना अरे-तुरे कसं करायचं?

तर शुक्रवारी सुट्टी असायची, आणि कॅम्पच्या मागे गोरे लोक त्यांचा तो फुटबॉल खेळायचे. आपला फुटबॉल नाही, ते हातात घेऊन पळतात तो, बॉल लांबट, न सोललेल्या नारळासारखा. एका शुक्रवारी मी बाकांच्या फळ्या बदलायला गेलेलो, भावोजी आपले सोबत आलेले, आणि बॉल घरंगळत माझ्याकडे आला. मी चपला काढल्या आणि लाथेनं दिला भिरकावून. त्यांचे दोन उंच खांब असतात, मध्ये आडवा दांडा, खांबांच्या मधून आणि दांड्याच्या वरून गेला तो, पार कुंपणाच्या बाहेर. डेव्ह म्हणून आमचा कॅम्प मॅनेजर होता, हा एवढा धिप्पाड माणूस, तो धावत आला. त्यांना हवाच होता असा माणूस. त्या खेळात म्हणे एक माणूस फक्त लाथ मारायला ठेवलेला असतो, बाकी काही करत नाही, धावत नाही, पडत नाही, वेळ आली की येतो, मारतो आणि बाहेर जाऊन बसतो. पण बॉल नुसता उभा राहत नाही ना, म्हणून दुसरा एक माणूस गुडघ्यावर बसून त्याच्या टोकावर बोट ठेवून धरतो.

डेव्हनं मला सांगितलंन, तू मार. आणि भावोजींना सांगितलंन, तू बस, धर.

आणि भावोजी बसायला लागले हो! गुडघा टेकला, बोट ठेवलं बॉलवर, मान खाली. आणि मी काय बघतोय, माझ्या घरचा जावई माझ्या पायाशी बसलाय आणि मी त्याच्या तोंडासमोर लाथ उगारायची. चुकून लागली असती बोटाला, तर सुमनला काय तोंड दाखवलं असतं? लागली नसती तरी काय, दिसतं कसं ते! मी धावत गेलो, म्हटलं उठा भावोजी, उठा आधी, हे तुमचं काम नाही. आणि मीच बसलो धरायला. भावोजींनी मारलानी, गेला मधून. ते पण पुळणीवरचेच, शेजारच्या गावचे, पाय वाईट नव्हता. माझ्याइतका नव्हता, पण वाईट नव्हता.

डेव्ह टाळ्या वाजवून म्हणाला, आता बदला, आता तू मार. आता त्याला जावई म्हणजे काय हे मी कुठल्या इंग्लिशमध्ये सांगू? मी म्हटलं, नो सर, माय लेग नो गुड, पेन. माझ्या तोंडानं म्हटलं. झालं. त्या दिवसापासून भावोजी मारणारे आणि मी धरणारा, शिक्काच पडला.

कंपन्या-कंपन्यांच्या मॅची व्हायच्या हिवाळ्यात. धरणं सोपं नाही, सांगतो तुम्हाला. एक जण पायांच्या मधून बॉल मागे फेकतो, तो झेलायचा, टेकवायचा, फिरवायचा, बॉलला शिवण असते ती मारणाऱ्याच्या पायाकडे येता कामा नये, समोर गेली पाहिजे, नाहीतर बॉल वाकडा जातो, आणि हे सगळं डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात, समोरून ते रेड्यासारखे गडी अंगावर येत असताना. माझा हात सुताराचा, शिवण मला बघावीच लागत नसे, बोटालाच कळायची. पण बॉल खांबांमधून गेला की सगळे धावायचे भावोजींकडे. खांद्यावर घ्यायचे. मी आपला गुडघ्याची वाळू झटकत उभा. डेव्ह त्यांना एगैलाला स्वतःच्या घरी जेवायला न्यायचा, त्यांना बूट आणलेन अमेरिकेहून, मला म्हणायचा गुड जॉब. मी खोलीवर येऊन डाळ लावायचो. जळायचो, दुसरं काय, अगदी पोटातून जळायचो. भावोजी परत आले की खोलीतल्यांना सगळं रंगवून सांगायचे, डेव्हच्या घरी काय काय खाल्लं, आणि मंग मला विचारायचे, दादा, जेवलात का? आणि मी म्हणायचो, हो भावोजी, तुम्ही दमला असाल, पडा. पंख्याखालचीच खाट ना अजून.

मंग डेव्हचा कोणी दोस्त अमेरिकेहून आला, त्यानं बघितलंन, आणि भावोजींना बोलावणं आलं. तिकडे हॉलच्या आत खेळतात म्हणे छोट्या संघांचं, पगारावर. भावोजी माझ्यासमोर डेव्हला म्हणाले, माझा मेहुणा पण येऊ दे, यानंच धरलंय आजपर्यंत. डेव्ह हसला. म्हणाला, धरणारे तिकडे ढिगानं मिळतात. मी पण हसलो. काय करणार? त्याच्या ऑफिसच्या दाराचं बिजागर मी तेव्हा हातात धरून उभा होतो, ते बसवलं आणि आलो.

पुढची वर्षं म्हणजे फोटो. सुमन तिकडे गेली. बर्फातली सुमन, गाडीशेजारी सुमन, भावोजी हेल्मेट घालून. आई गावभर दाखवायची. सुट्टीवर आले तेव्हा शाळेत सत्कार झाला, शाल, नारळ, सरपंचांचं भाषण, आणि मी त्याच वेळी सुट्टीवर गेलेलो, तर मला सांगितलंनी, खुर्च्या जरा कमी पडतायत, बघ. मी खुर्च्या लावल्या. एक जण उठून म्हणेल वाटलं, अरे बॉल धरायचं कोण? कोणी म्हटलं नाही. भावोजींनी भाषणात नाव घेतलंनी माझं, नाही असं नाही. व्हिसा दिला म्हणाले. बॉलचं राहिलं.

आणि मंग एकदा फोन आला. सुमन नाही, भावोजी स्वतः. आवाज बसलेला. मोठी मॅच होती, शेवटची लाथ, ती गेली तर जिंकले, आणि चुकली. दादा, म्हणाले, त्या धरणाऱ्या पोरानं शिवण माझ्याकडेच ठेवलीन. तुमच्या हातून एकदा तरी असं झालं होतं का? मी म्हटलं, नाही. संघानं त्यांना काढलंन होतं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. बहिणीच्या घरावर संकट आणि मला गार वाटत होतं, एवढ्या वर्षांनी कोणीतरी माझ्या बोटाचं नाव काढलं.

मी सांत्वनाचं बोलायला गेलो तर म्हणाले, थांबा दादा, एक सांगायचंय. त्या पहिल्या शुक्रवारी तुम्ही पाय दुखतो म्हणालात. तुमचा पाय दुखत नव्हता. मला माहीत होतं. तुम्ही बॉल कुंपणाबाहेर घालवलात तो मी बघितला होता, तसा माझा कधीच गेला नाही, इकडे पण नाही. मी त्याच वेळी डेव्हला सांगायला हवं होतं. मी गप्प राहिलो.

वाटलं ओरडावं. पण तोंडातून आलं ते असं, की जाऊ द्या भावोजी, जावयानं गप्पच राहायचं असतं, बोलायचं असतं ते घरच्यांनी. मंग दोघेही रडलो, ते तिकडे, मी इकडे, आणि खोलीतले विचारतायत कोण गेलं रे गावाकडे.

आता ते तिकडे वायरिंगचंच काम करतात, स्वतःचं घर आहे, शनिवारी शाळेच्या पोरांना लाथ मारायला शिकवतात. भाचा फोनवर मला इंग्लिशमध्ये हाय म्हणतो. मी इथंच, अबू हलीफालाच, खोली बदलली, कुकर बदलला, कपाटं अजून मोडतात. जळतो का विचाराल तर हो, जळतो, पूर्वीपेक्षा जास्त जळतो, कारण पूर्वी मला वाटायचं, माझा पाय दुखत नव्हता हे फक्त मलाच माहीत आहे. पण बहीण सुखात आहे माझी. देव तिचं भलं करो, तिच्या लेकराचं करो, आणि भावोजींचं पण करो. त्यांचं जरा कमी केलंन तरी चालेल.