ताईचं लग्न ठरलंय

(दोन खोल्यांचं भाड्याचं घर. संध्याकाळचे सात. ताई नुकतीच कामावरून आली आहे, खांद्यावरची पर्ससुद्धा उतरवलेली नाही. धाकटा भाऊ इस्त्री तापवून बसला आहे.)

धाकटा : आधी शर्टाचं बघ ना. तो निळा. कॉलर नीट कर, कालच्यासारखी नको.

ताई : मी काय विचारलं?

धाकटा : ऐकलं मी. तुमच्या हॉस्पिटलातल्या मेडिकलवाल्याचं लग्न ठरलं, त्याने पत्रिका वाटल्या. चांगलं झालं की. जा, जेवून ये.

ताई : ते मी सांगितलं. विचारलं काय, त्याचं उत्तर दे.

धाकटा : ताई, मला साडेसातला निघायचंय. ती वाट बघत उभी राहते.

ताई : राहू दे उभी. दुपारी तो आमच्या रेकॉर्ड रूममध्ये आला. आम्ही चौघी होतो. तिघींना पत्रिका दिली आणि माझ्यापाशी येऊन म्हणतो, "तुमचं कुठवर आलं? वर्ष होत आलं की ठरून." मी म्हटलं, काय ठरून? तर म्हणाला, "लग्न." तिघींनी एकदम माना वर केल्या. आठ वर्षं शेजारी बसून फायली लावतोय आम्ही. माझं लग्न ठरलंय हे त्यांना आज कळलं. मलाही.

धाकटा : काहीतरी गोंधळ झाला असेल त्याचा. दिवसभर गोळ्या मोजून डोकं फिरतं माणसाचं.

ताई : "तुमच्या भावानेच सांगितलं," म्हणाला.

धाकटा : माझं नाव घेतलं?

ताई : मला दुसरा भाऊ आहे का कुठे? असला तर सांग, मला माहीत नसेल. हल्ली माझ्याबद्दलचं मला शेवटी कळतं.

धाकटा : बरं बाबा, सांगितलं. मीच सांगितलं. झालं समाधान?

ताई : कधी?

धाकटा : गेल्या वर्षी. रविवार होता, तू भाजी आणायला गेली होतीस. बेल वाजली म्हणून उघडलं तर हा दारात. केसांना पाणी लावलेलं, कडक इस्त्री, हातात सफरचंदांची पिशवी. मी बनियनवर. म्हणाला, "घरात मोठं कोणी आहे का? ताईंच्या संदर्भात बोलायचं होतं." मी म्हटलं, मीच मोठा.

ताई : तू मोठा.

धाकटा : मग काय म्हणणार! आईबाबा नाहीत म्हणून रडत बसणार त्याच्यापुढे? तो उभ्या उभ्याच म्हणाला, "मला त्यांना मागणी घालायची आहे, पण आधी घरी विचारावं म्हटलं." आणि माझ्या तोंडून निघून गेलं. म्हटलं, उशीर केलात, ताईचं लग्न ठरलंय.

ताई : निघून गेलं.

धाकटा : हो. शिंक येते तसं.

ताई : आणि मी आल्यावर? तेव्हा दिवसभर शिंक आली नाही?

धाकटा : सांगणार होतो. मग राहिलं.

ताई : ती सफरचंदं... त्या दिवशी टेबलावर होती. मी विचारलं कुणी दिली, तर तू म्हणालास शेजारच्या काकूंनी.

धाकटा : तू दोन खाल्लीस त्यातली. गोड आहेत म्हणालीस.

ताई : दुसऱ्या दिवशी काकूंचे आभार मानायला गेले होते मी. त्या नुसत्या बघत राहिल्या माझ्याकडे. मला वाटलं, बाईंना विसरायला होतं आताशा.

धाकटा : हे बघ, मी तेव्हा मोबाइलच्या दुकानात नवीन लागलो होतो. नऊला शटर उघडायचं. एक मिनिट इकडेतिकडे झालं तर मालक सगळ्यांसमोर लाज काढायचा. तू गेली असतीस तर डबा कोण करणार होतं? पाणी कोण भरणार होतं?

ताई : पाणी साडेपाचला येतं. पाऊण तास असतं. दहा वर्षांत तू एकदा तरी त्या नळातून पाणी येताना बघितलंयस?

धाकटा : तेच म्हणतोय ना मी!

ताई : तेच म्हणतोयस?

धाकटा : म्हणजे, मला जमलंच नसतं. मी खोटं बोलत नाहीये, मला खरंच जमलं नसतं. आणि मला कुठे ठाऊक, तुला तो आवडतो म्हणून? तू कधी घरी नाव काढलंस त्याचं?

ताई : काय नाव काढणार? जेवणाच्या सुट्टीत तो खिडकीशी यायचा. पाच मिनिटं. बस वेळेवर आली का, आज गर्दी किती, एवढंच. त्या पाच मिनिटांसाठी मी सकाळी केस दोनदा विंचरायचे. मग एका सोमवारी यायचा बंद झाला. मी महिनाभर विचार केला, आपण काय बोललो असू त्याला लागण्यासारखं. एक-एक वाक्य आठवून बघितलं.

धाकटा : एवढं होतं तर विचारायचंस त्याला.

ताई : वा. माझीच चूक.

धाकटा : तसं नाही. पण आता पुढचं बघ ना. पुढच्या वर्षी आमचं लग्न झालं की तू मोकळीच आहेस.

ताई : म्हणजे बदली माणूस येईपर्यंत थांबायचं.

धाकटा : तिला तसलं बोलू नकोस हं.

ताई : तिला कशाला बोलू? तिला अजून माहीतही नाही बिचारीला, ती कुठल्या कामावर लागतेय ते. सव्वीस वर्षांचा घोडा, स्वतःचे मोजे स्वतःला सापडत नाहीत. आई गेली तेव्हा तू सोळाचा होतास, मी एकवीसची. लोक म्हणायचे, पोरगा पोरका झाला. कुणी म्हटलं नाही, पोरगी पण झाली.

धाकटा : झालं का सुरू तुझं? दहा वर्षं केलं, दहा वर्षं केलं. मी सांगितलं होतं कर म्हणून?

ताई : नाही. तू फक्त दार उघडलंस. ती इस्त्री बंद कर, वास यायला लागलाय.

धाकटा : आणि शर्ट?

ताई : घाल तसाच. नर्सच्या होस्टेलात एक कॉट रिकामी आहे. मेट्रनबाईंना दुपारीच विचारून आले. रविवारपासून मी तिकडे.

धाकटा : कुठे?

ताई : होस्टेलात. बहिरा झालास का?

धाकटा : एका पत्रिकेवरून घर सोडतेस? वेडबीड लागलंय का? लोकांना काय सांगू मी?

ताई : सांग, ताईचं लग्न ठरलंय. तुला सवय आहे.

धाकटा : जा. खुशाल जा. चौघींच्या खोलीत बादलीसाठी रांग लाव, मग कळेल. पण त्याच्यासाठी डोळे पुसत जाऊ नकोस. तो काही तुझ्यावाचून झुरत नव्हता.

ताई : तुला काय माहीत?

धाकटा : माहीत आहे म्हणून बोलतोय. पंधरा दिवसांतच कळलं होतं त्याला, मी थाप मारली ते.

ताई : कसं कळलं?

धाकटा : फोनची काच फुटली म्हणून आमच्या दुकानात आला. मी काच बसवत होतो तर म्हणाला, "तुमच्या बहिणीचं कुठे काही ठरलेलं नाही. हॉस्पिटलात कुणालाच माहीत नाही." माझा हात थांबला. म्हटलं, आता हा गळा धरणार.

ताई : मग?

धाकटा : मग हसला. म्हणाला, "बरं केलंत, मीच घाई केली होती. जवळून बघितलं की वय जाणवतं त्यांचं."

ताई : असंच म्हणाला?

धाकटा : असंच.

ताई : की हे आत्ता सुचलं तुला? मी जातेय म्हणून?

धाकटा : मग मला सांग, त्याने आज तुला पत्रिका दिली का?

ताई : संपल्या, म्हणाला.

धाकटा : बघ.

ताई : मग तुमचं कुठवर आलं म्हणून का विचारलं त्याने? त्या तिघींसमोर?

धाकटा : गंमत, ताई. काहीतरी बोलायला हवं ना माणसाला.

ताई : आणि तू?

धाकटा : मी काय?

ताई : दुकानात तो हसला, तेव्हा तू काय केलंस?

धाकटा : मीपण हसलो. गिऱ्हाईक होतं, ताई.